अर्धे सापळे

आमच्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना झाला की न्हाऊमाखू घालून, डोक्यावर पदर देऊन वाजतगाजत विहिरीवर नेतात. हळदकुंकू, नारळ, विहिरीची पूजा, आणि भरलेला कळस डोक्यावर घेऊन परत. त्या दिवसापासून बाई पाण्याला जायला मोकळी. धरणगावच्या आसपास कुठल्याही खेड्यात जा, हेच दिसेल. फक्त आमच्या घरात ते नव्हतं. आमच्या घरच्या बाळंतिणीला विहीर नेते, असं गावानं आणि घरानं मिळून ठरवून टाकलं होतं.

ठरवायला कारणही तसंच होतं. माझी आई विहीर पुजून, कळस डोक्यावर घेऊन वळली, चार पावलं चालली, "जीव घाबरतोय" म्हणाली आणि खाली बसली, ती उठलीच नाही. मी तेव्हा सव्वा महिन्याची. आईच्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे मावशीच्या कडेवर होते; आई बाळंतपणाला तिच्याकडेच आलेली. माझी बहीण अक्का तेव्हा सहा वर्षांची. तांब्याचा कळस दगडांवरून गडगडत गेल्याचा आवाज तिच्या कानातून अजून जात नाही. त्याआधी आईची धाकटी बहीण बाळंतपणानंतर बाजेवरून उठली आणि न्हाणीच्या दारात गेली. त्याच्याही आधी आईची आत्या. कुणी विचारलं तर मावशी अहिराणीत एवढंच सांगायची, "उठनी नि गई."

उठली आणि गेली. झालं! त्यातून घरानं धडा घेतला तो असा, की उठायचंच नाही.

आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, दुसरं लग्न केलं नाही. आपल्या गावी शेती बघत राहिले आणि आम्हा दोघींना मावशीच्या ओटीत घातलं. मावशीला मूलबाळ नव्हतं. तिनं आम्हाला वाढवलं ते डोळ्यांत तेल घालून, आणि तोंडानं शिव्या घालून. मी तोंडाळ झाले ती तिच्याच हाताखाली, त्याचा दोष मी माझ्याकडे अजिबात घेणार नाही.

तर अक्काचं पहिलं बाळंतपण. ऐंशीच्या दशकाचा मध्य. अक्का दोंडाईच्याला दिलेली, बाळंतपणाला मावशीकडे आलेली. मी पुण्याला एम.एस्सी. करत होते, रसायनशास्त्रात. सुट्टीला घरी आले तर मागच्या खोलीत बाज, बाजेखाली शेगडी, दारं-खिडक्या बंद, बाहेर खानदेशी ऊन, आणि आत अक्का गोधडीत गुंडाळलेली. मुलगा गोरागोमटा, रडून घर डोक्यावर घेणारा. पण अक्का ओठ चाटत होती.

"पाणी दे ना," ती हळूच म्हणाली.

बाळंतिणीला पाणी जास्त दिलं की पोट सुटतं, अंग गार पडतं, म्हणून आमच्याकडे वाटीभर पाणी, तेही कोमट, तेही घोटघोट. बाकीच्या घरांतून निदान चार-सहा दिवसांनी बायका उठतात, अंगणात येतात. आमच्या घरात मावशीचा नियम पोलादी: पाय खाली ठेवायचा नाही. ठेवलाच तर मावशी हातातलं काम टाकून धावत यायची. "पाय खाले ठेवू नको! गपचूप पडी राह्य!"

मी पाणी द्यायला वाकले आणि गोधडी सरकली. अक्काचा डावा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत उजव्याच्या दीडपट सुजलेला. कातडी ताणून चकचकीत झालेली.

"हे कधीपासून?"

"परवापासून. मावशीनं मीठमोहऱ्या उतरवल्या."

माझं डोकंच फिरलं. मीठमोहऱ्या! मी मावशीशी त्या दिवशी इतकं भांडले की शेजारीण कपडे वाळत घालायच्या निमित्तानं तीनदा येऊन गेली. मावशी एकच धोशा लावून बसली होती, "तिले उठाडू नको, ती जाई." आणि मी ओरडत होते, की न उठवता न्यायचं, पण न्यायचंच. शेवटी गावातल्या मारवाडी शेठजींनी त्यांची कापसाच्या धंद्याची जीप दिली. मागे गादी घातली, अक्काला गोधडीसकट उचलून आडवीच ठेवली, आणि मावशी तिचा पाय मांडीवर घेऊन जळगावपर्यंत एक शब्द न बोलता बसली. ती बोलत नाही म्हणजे काय, हे आमच्या घरात राहिलेल्यालाच कळेल.

जळगावच्या डॉक्टरीणबाई उंच, चष्मेवाल्या, बोलायला तुटक. पाय बघितला, दोन्ही पायांचा घेर टेपनं मोजला आणि म्हणाल्या, "पायाच्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी आहे. ती सुटून फुप्फुसात गेली तर वाईट. हेपारिन सुरू करते." सलाईनमधून औषध चालू झालं. मग मला बाजूला घेऊन विचारलं, "घरात आणखी कुणाला असं झालंय?"

मी सांगायला लागले. आई. धाकटी मावशी. आईची आत्या. सगळ्या बाळंतपणानंतर, सगळ्या उठल्याबरोबर.

बाई खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "उठल्यामुळे नाही हो. झोपून राहिल्यामुळे. गुठळी पडून राहिल्यावर होते. उठलं की ती फक्त सुटते."

आमच्या घरानं बघितलं ते शंभर टक्के खरं बघितलं होतं, आणि अर्थ लावला तो शंभर टक्के उलटा. चोर सोडून संन्याशाला सुळी! जितक्या बायका गेल्या तितकं त्यांनी पुढच्या बाईला घट्ट झोपवलं, पाणी तोडलं, शेगडी लावली. रक्त आणखी दाट, पाय आणखी निश्चल. मायेपोटी केलं हो सगळं. मायेपोटीच.

अक्का वाचली. महिन्याभरानं हेपारिन थांबल्यावर बाईंनी आम्हा तिघींचं, म्हणजे अक्काचं, माझं आणि मावशीचं रक्त मुंबईला पाठवलं. उत्तर आलं: मावशीचं सगळं ठीक. अक्काच्या आणि माझ्या रक्तात अँटीथ्रॉम्बिन नावाचं प्रथिन निम्मंच.

आता हे प्रथिन म्हणजे काय, हे मला सांगू द्या, कारण त्यानं माझं आयुष्य वळवलं. पुण्याला परत गेले ती सरळ गाईडसमोर उभी राहिले आणि प्रबंधाचा विषय बदलून घेतला. ते म्हणाले, "एकदम रक्तावर?" म्हटलं, "घरचंच आहे, सर."

जखम झाली की रक्त गोठायला हवं, नाहीतर माणूस वाहून जाईल. हे गोठवण्याचं शेवटचं काम थ्रॉम्बिन नावाचा एक कारागीर करतो. तो आला की रक्तातलं विरघळलेलं सूत एकदम जाळं होऊन बसतं. पण त्याला थांबवणारं कुणी नसेल तर बोटाला कापलं म्हणून अंगभर रक्त गोठेल. तो थांबवणारा म्हणजे अँटीथ्रॉम्बिन. चारशेच्या वर अमिनो आम्लांची एक लांब माळ, गुंडाळून गठ्ठा झालेली. गठ्ठ्याच्या पोटात चपट्या पट्ट्यांचा एक पडदा ताणून बसवलेला, आणि डोक्यावर एक फास बाहेर आलेला. हा फासच आमिष. थ्रॉम्बिनला तो आपलं खाणं वाटतो. तो येतो, फासाला चावतो, आणि चावल्याबरोबर फास तुटून आतल्या पडद्यात खाडकन शिरतो, चावलेल्या थ्रॉम्बिनला घेऊनच. दात अडकलेला थ्रॉम्बिन वाकडातिकडा होऊन कायमचा निकामी. सापळाही तेवढ्यात संपला. एक सापळा, एक उंदीर. मग दोघांना मिळून यकृत उचलून नेतं.

आणि हेपारिन? ते स्वतः काहीच मारत नाही. ती साखरेची एक लांब साखळी. सापळा एरवी मंद असतो, सैल बसलेला. हेपारिन त्याला चिकटलं की त्याचा आकार जरासा बदलतो, फास पुढे येतो, आणि तोच सापळा हजारपट चपळ होतो. काम झालं की हेपारिन सुटून पुढच्या सापळ्याकडे. त्या वेळी यातलं सगळंच कुणाला माहीत नव्हतं. बरंच मी पुढे शिकवता शिकवता शिकले. पण सापळा ही गोष्ट मला पहिल्या वाचनात कळली, आणि लायब्ररीत मी मोठ्यानं "हात्तिच्या!" म्हणाले. सगळे वळून बघायला लागले.

पुढे मला जळगावच्या एका कॉलेजात नोकरी लागली आणि धुळ्याच्या मुलाशी लग्न झालं. नवरा बँकेत, शांत, माझ्या अगदी उलट. लग्नाआधीच त्याला सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, "तू म्हणशील तसं." मी म्हटलं, मला मूल हवंय. दोन दिवसांनी तो म्हणाला, "मग त्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊ."

खरा डोंगर पुढे होता, आणि तो मावशी होती. तिला कळलं तशी ती बसची वाट न बघता कुणाच्या तरी ट्रकमध्ये बसून जळगावला आली. दारातच सुरू. "माले नातू नको. माले तू पाहिजे. तुले काय समजस?" आणि मग पायरीवर बसून रडायला लागली. मावशीला मी त्याआधी रडताना बघितलं नव्हतं, आईच्या श्राद्धालासुद्धा नाही. मीही रडले. पण दिवस गेले होते, आणि मी ठरवलं होतं.

ते नऊ महिने मी सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या पोटाला हेपारिनची सुई टोचून घेतली. डॉक्टरीणबाईंनी शिकवलं होतं: चिमटीत कातडी धरायची, सुई सरळ घालायची, नंतर चोळायचं नाही. पोट असं निळंजांभळं झालं की धुळ्याच्या सासूबाई एकदा बघून म्हणाल्या, "अगं, पोटात पोर आहे की जांभळाचं झाड?" त्यांचा माझ्यावर जीव होता. बाहेर मात्र सगळ्यांना सांगायच्या, "आमची सून डॉक्टरसारखी सुई देते." मी रसायनशास्त्र शिकवते हे सांगण्यात त्यांना तेवढा राम वाटत नसे.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. मी मावशीला अट घातली. बाळंत जळगावच्या दवाखान्यात होणार, सव्वा महिना तुझ्याकडे काढणार, पण पहिल्या दिवसापासून चालणार आणि पोटभर पाणी पिणार. मावशीनं तोंड फिरवलं आणि सरकीच्या खोलीत निघून गेली.

मी मागोमाग गेले. तिथे सरकीची पोती होती, आणि पोत्यांच्या आडोशाला उंदरांचे सापळे. ते लावायचं काम कायम मावशीचं. तार ताणून भाकरीचा तुकडा अडकवायला तिच्याइतका हलका हात गावात नव्हता. ती वाकून सापळा लावत होती. मी पोत्यावर बसले, सातव्या महिन्याचं पोट सावरत, आणि तिथेच तिला सगळं सांगितलं. म्हटलं, रक्तात असे सापळे असतात, मावशी. उंदीर आला की खटकन. तुझ्या अंगात भरपूर आहेत. आईच्या, अक्काच्या, माझ्या अंगात निम्मे.

तिचा हात थांबला. "मंग आपला घरमां सापळाच कमी शेतस?"

"हो. आणि मी जी सुई घेते ना, ती म्हणजे सापळे लावून ठेवणारं माणूस. सापळे आहेत तेवढेच, पण एकही सैल नाही."

तिनं तार बोटानं दाबून पाहिली. मग विचारलं, "आनि तिले आम्ही झोपाडी ठेवं?" तिला, म्हणजे माझ्या आईला. आम्ही झोपवून ठेवलं?

मी म्हटलं, "तुम्हाला माहीत नव्हतं गं. डॉक्टरांनाही कुठे माहीत होतं." तिनं सापळा लावला, पोत्यामागे सरकवला, उठली आणि मला हाताला धरून उठवलं. अंगणात आल्यावर म्हणाली, "चालजो. पन मी हात धरसू."

मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई म्हणाल्या, उठा, आणि मी पाय खाली सोडले. सांगते तुम्हाला, इतकं सगळं शिकलेली, इतका तोरा मिरवणारी मी, पण पाय फरशीला लागले तेव्हा खाटेची कड सोडेना. आई, धाकटी मावशी, आईची आत्या, सगळ्या आठवल्या. मावशीचा हात माझ्या दंडाला असा घट्ट की पुढे बोटांचे वळ उठले. खिडकीपर्यंत गेलो. परत आलो. मी उभी होते. मावशी माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती, श्वास मोजत असावी. "बोल," ती म्हणाली. मी म्हटलं, "भूक लागली." तेव्हा कुठे तिनं हात सोडला.

गावी गेल्यावर तिनं स्वतःची एक रीत काढली. डॉक्टरीणबाईंची टेप तिच्या लक्षात राहिली होती. रोज सकाळी ती सुताचा दोरा घेऊन माझ्या पोटऱ्यांना गुंडाळायची. गाठ जिथे काल आली तिथेच आज यायला हवी. दोरा देवघरात ठेवलेला, हळद लावलेला. मी हसायचे, पण पाय पुढे करायचे.

आणि एका सकाळी गाठ येईना. दोरा बोटभर कमी. मावशी पांढरीफटक. सुया चालू आहेत, चालतेय, पाणी पितेय, मग? नवरा धुळ्याला, मुलगी पाळण्यात, आणि माझ्या डोळ्यांसमोर जीप, गादी, अक्काचा पाय. मावशी शेठजींकडे जीप मागायला निघालीसुद्धा. तेवढ्यात मला सुचलं. "मावशी, थांब. दुसऱ्या पायाला लाव."

दुसऱ्या पायालाही दोरा बोटभर कमीच!

"तू दोरा धुतलास का?"

"हळदनं मळेल व्हता ना."

सात पिढ्या कापूस पिकवणारं घर, आणि धुतलेलं सूत आटतं हे त्या घरातल्या बाईला सांगावं लागावं! मी हसत सुटले ती इतकी, की टाके दुखायला लागले. मावशी मला आधी शिव्या घालत होती, मग तीही बसली, पदर तोंडाला लावून, आणि तिचे खांदे हलायला लागले. अक्का दोंडाईच्याहून आली होती, ती दारात येऊन बघते तर आम्ही दोघी जमिनीवर.

सव्वा महिना भरला त्या दिवशी मी न्हाले, हिरवं लुगडं नेसले. गावात सगळ्यांना वाटलं, लेक धुळ्याला निघाली. मी मावशीला म्हटलं, "मला विहीर पुजायचीय."

विहीर तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, पण त्या दिवसानंतर ती तिथे कधी गेली नव्हती; पाणी दुसऱ्याकडून भरून घ्यायची. आम्हाला वाटलं, नाही म्हणणार. अक्कानं माझा हात दाबला. मग मावशी आत गेली आणि माळ्यावरून कळस काढून आणला. तांब्याचा, एका बाजूला पोचा पडलेला. तिनं तो चिंचेनं घासला, लख्ख होईपर्यंत.

आम्ही निघालो. वाजंत्री नव्हती, पण बायका एक एक करत दारातून बाहेर आल्या आणि मागे चालायला लागल्या. शेठजींच्या घरच्या सुनासुद्धा घुंगट घेऊन आल्या. अक्का पायाला पट्टी बांधून, हळूहळू, पण चालत. माझी मुलगी मावशीच्या कडेवर. तिथेच, जिथे मी होते.

मी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, कळस भरला आणि डोक्यावर घेतला. वळले. बायका बोलायच्या थांबल्या. मला माहीत होतं, किती पावलांवर ते झालं. त्या जागी आले, आणि मुद्दाम थांबले. उभी राहिले. पोरगी मावशीच्या कडेवरून हातपाय झाडत होती. काही झालं नाही. आणखी चालले. अक्का हुंदका देऊन रडायला लागली, आणि मीही, पण चालता चालता.

मावशी मागे राहिली होती. वळून बघितलं तर ती विहिरीच्या काठाशी एकटी उभी, पोरीला छातीशी धरून, आणि पाण्यात डोकावून मोठ्यानं, भांडताना बोलते त्याच आवाजात म्हणत होती, "देख व माय! हाई चालत उनी! चालत जाई राह्यनी!" चालत आली, चालत जातेय.

मग ती भरभर माझ्यापाशी आली. माझ्या डोक्यावरचा कळस एका हातानं उतरवला आणि माझ्या तोंडाशी धरला.

"आते पानी पे," ती म्हणाली. "बठ्ठं पे."

मी भर रस्त्यात, सगळ्या गावासमोर, उभ्याउभ्या कळस रिकामा केला.